‘लक्ष देऊ नकोस’ म्हणू नका, काम द्या: इंजेक्शन, ड्रेसिंग आणि दाताच्या खुर्चीसाठी

दोन वर्षांपूर्वी आईच्या उजव्या हातावर चहाचं आधण सांडलं. मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत. लगेच नळाखाली हात धरून वीस मिनिटं पाणी सोडलं, एवढं एक बरं केलं. शेजारच्या काकू टूथपेस्टची ट्यूब घेऊन धावत आल्या होत्या, त्यांना दारातूनच परत पाठवलं. पुढचे अठरा दिवस एक दिवसाआड सिस्टर घरी ड्रेसिंगला यायच्या. पहिल्या दिवशी जखमेला चिकटलेली जाळी निघताना आई कळवळत होती आणि मी तिच्या उशाशी बसून एकच पालुपद लावलं होतं, "आई, तिकडे लक्ष देऊ नकोस."

पाच-सहा वेळा ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मग कुठे देऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जे वाचलं, जे सिस्टरांकडून शिकले आणि जे आईवर (आणि नंतर भाच्यावर, आणि एकदा दाताच्या खुर्चीत स्वतःवर) करून पाहिलं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. हा घरच्या माणसाने घरच्या माणसासाठी लिहिलेला लेख आहे.

आधी हे ठरवा: हे दुखणं लक्ष वळवण्याजोगं आहे का?

ज्या दुखण्याचं कारण माहीत आहे, जे थोडा वेळ टिकणार आहे आणि जे सोसल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यासाठीच ही युक्ती. लस, रक्ततपासणी, सलाईनची सुई, ड्रेसिंग, टाके काढणं, दाताचं काम, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय वाकवण्याचे व्यायाम ही तिची क्षेत्रं.

छातीत दुखतंय, पोरगं पोट धरून बसलंय, डोकं अचानक कधी नव्हे इतकं ठणकतंय, प्लास्टर घातलेला हात कालपेक्षा आज जास्त दुखतोय, भरत आलेली जखम पुन्हा ठसठसायला लागली, अशा वेळी मन रमवत बसू नका. ते दुखणं निरोप घेऊन आलेलं असतं. थेट डॉक्टरांकडे जा.

दुसरं असं की हा औषधाला पर्याय नाही. डॉक्टरांनी ड्रेसिंगआधी गोळी सांगितली असेल तर ती सांगितलेल्या वेळीच द्यायची, लक्ष वळवायचं ते तिच्या जोडीला. "तुमचं मन खंबीर आहे, गोळी कशाला?" असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात एक तरी असतातच. त्यांना चहा करायला पाठवा.

आत नेमकं काय घडतं

हे दोन मिनिटं वाचाच, कारण पुढची प्रत्येक पायरी यातूनच निघते.

सुई टोचली की कातडीतल्या नसा पाठीच्या कण्याला खबर देतात आणि तिथून ती मेंदूकडे जाते. पूर्वी समजूत अशी होती की ही तार सरळ आहे, इकडे जेवढी इजा तिकडे तेवढी वेदना. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं की पाठीच्या कण्यात एक प्रकारचं फाटक असतं. ते किती उघडं राहणार हे खालून येणाऱ्या इतर संवेदनांवर ठरतं आणि वरून मेंदू काय सांगतो यावरही. गुडघा आपटला की आपण तो चोळतो ते पहिल्या कारणाने. लक्ष वळवणं हे दुसऱ्या कारणातलं. त्या सिद्धान्तातले बारकावे पुढे बदलले, पण वरून खाली हुकूम जातो हे टिकलं. मेंदूच्या खोडातून कण्याकडे उतरणारे हे मार्ग आज चांगले ओळखीचे आहेत.

मला सगळ्यात पटला तो हॅम्बुर्गमधल्या संशोधकांचा २०१२ चा प्रयोग. निरोगी माणसांच्या हाताला चटका बसेल इतपत उष्णता द्यायची आणि त्याच वेळी त्यांना स्मरणशक्तीचं काम द्यायचं, कधी सोपं, कधी कठीण. कठीण काम चालू असताना त्यांना दुखलं कमी. आणि नुसतं "कमी वाटलं" असं ते म्हणाले एवढंच नाही, तर पाठीच्या कण्यात वेदनेमुळे होणारी हालचालच स्कॅनमध्ये कमी दिसली. म्हणजे खबर मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच रस्त्यात अडवली गेली. मग त्यांनी नॅलोक्सोन नावाचं औषध देऊन शरीरातल्या अफूसारख्या नैसर्गिक रसायनांचा परिणाम रोखला, तेव्हा लक्ष वळवण्याचा फायदा सुमारे ४० टक्क्यांनी घटला. आपल्या अंगातलंच वेदनाशामक या कामात वापरलं जात होतं तर.

तेव्हा "सगळं मनाचं असतं" हे वाक्य आता कुणी टाकलं तर मी म्हणते, मनाचं असेल, पण ते कण्यातसुद्धा दिसतं.

जखमी सैनिकांची गोष्ट या विषयात हटकून सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या सुमारास, इटलीत अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरला दिसलं की गंभीर जखमी जवानांपैकी बरेचसे वेदनाशामक मागतच नव्हते. पण ते लक्ष दुसरीकडे असल्याचं उदाहरण नव्हे. बीचरने स्वतः लावलेला अर्थ असा की त्या जवानांसाठी जखम म्हणजे रणातून जिवंत सुटका होती. आपल्या आजीच्या पायाच्या ड्रेसिंगला हा दाखला देऊ नये. तिची कशातूनच सुटका झालेली नसते.

पायरी पहिली: ‘नको’ काढून टाका, ‘कर’ द्या

"विचार करू नकोस" हे काम मनाला जमत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अर्थातच अस्वल परत परत येत राहिलं. वेदनेचंही तसंच. १९९३ च्या एका प्रयोगात लोकांनी बर्फाच्या पाण्यात हात धरला. काहींना वेदनेचा विचार दाबून टाकायला सांगितलं होतं, काहींना आपल्या घरातल्या खोलीचं चित्र मनात आणायला, काहींना हाताला काय वाटतंय ते नीट न्याहाळायला. हात बाहेर काढल्यावर सगळ्यात उशिरा सावरले ते विचार दाबणारे.

म्हणून मनाला रिकामं करायला जाऊ नका, भरा. आणि भरायचं ते अशा कामाने, ज्यात काहीतरी आठवावं, मोजावं, निवडावं किंवा बोलावं लागतं. नुसता टीव्ही लावून ठेवण्याचा आईवर काहीएक परिणाम झाला नाही. मालिका चालू होती, पण तिला त्यात करण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे कान मालिकेकडे आणि जीव सगळा हाताकडे.

तिसऱ्या ड्रेसिंगला काम सापडलं ते योगायोगाने. मी सहज म्हटलं, "पुरणाला डाळीतच गूळ घालून कुकर लावायचा ना?"

"अगं, गूळ आधी घातला तर डाळ शिजेल का? काय शिकवलं मी तुला!" सिस्टरांनी जाळीचा एक कोपरा उचलला होता. आईचा चेहरा आक्रसला, पण वाक्य तुटलं नाही. मग मी ठरवून चुकत गेले. कणीक घट्ट भिजवायची ना? वेलदोडा आधीच टाकायचा ना? एका किलोला गूळ पाव किलो बस होईल ना? पंधरा मिनिटं आई मला सुधारत राहिली. ओरडणं झालं, पण बरंचसं माझ्यावर.

ही चुकीचं बोलण्याची युक्ती मी सगळ्यांना सांगते. ज्याला ज्या विषयाचा अभिमान, त्यात चुकायचं. निवृत्त मास्तरांसमोर व्याकरणात, शेतकऱ्यासमोर पेरणीच्या वाफशात, क्रिकेटवेड्या भाच्यासमोर धावसंख्येत. चूक ऐकून गप्प बसणं माणसाला फार अवघड जातं आणि दुरुस्त करायला मेंदूचा मोठा भाग कामाला लागतो.

आणखी काही कामं, जी मी वापरली आहेत:

दोन मागची भाजी. मी एकेक भाजी म्हणायची, समोरच्याने दोन घरं मागची सांगायची. भेंडी, गवार, दोडका म्हटलं की उत्तर ‘भेंडी’. पुढे वांगं आलं की ‘गवार’. प्रयोगशाळेत वापरतात त्या कामाचीच ही मंडईतली आवृत्ती. सोपी वाटते, पाचव्या भाजीला घाम फुटतो.

उलटे पाढे. शंभरातून सात-सात वजा करणं सगळे सुचवतात, पण जुन्या पिढीकडे त्याहून सरस माल आहे. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, औटकी घोकली आहे त्यांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, उलटी म्हणायला लावा. पस्तीस, साडेएकतीस, अठ्ठावीस, साडेचोवीस. सरळ म्हटली तर ती जिभेवरच असते, डोकं मोकळंच राहतं. उलटी म्हणताना अडखळायला होतं आणि तेच आपल्याला हवं असतं.

गाण्याच्या भेंड्या, मात्र एक बंधन घालून. फक्त पावसाची गाणी, किंवा फक्त ज्यात ‘चांदणं’ आहे अशी. बंधन नसलेल्या भेंड्या फार लवकर सवयीने चालतात.

मनातल्या मनात फेरफटका. माहेरच्या घरात शिरा, डाव्या हाताला काय, कोनाड्यात काय ठेवलेलं असायचं, सांगत चला. ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांना हे मानवतं.

आणि हो, शिव्या. २००९ साली इंग्लंडच्या कील विद्यापीठातल्या प्रयोगात शिवी घोकत बसलेल्या विद्यार्थ्यांनी साधा शब्द घोकणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ बर्फाच्या पाण्यात हात ठेवला. त्याच संशोधकांना पुढे आढळलं की जे रोजच शिव्या देतात त्यांना याचा फायदा कमी होतो. म्हणून हे हत्यार जपून वापरा, आणि सिस्टरांना आधी कल्पना द्या.

पायरी दुसरी: काम अंगाच्या मापाचं

फार सोपं काम असलं की त्यातून वेदना गळत राहते, फार कठीण असलं की माणूस वैतागून सोडून देतो आणि मग तो आणि त्याची कळ असे दोघेच समोरासमोर उरतात. माझा अंदाज असा: पाच-सहा उत्तरांत एखादं चुकत असेल तर माप बरोबर. एकही चुकत नसेल तर वाढवा, दर दुसरं चुकत असेल तर उतरवा.

घाबरून गेलेल्या माणसाला मात्र हा नियम लागू नाही. भीतीने मेंदू आधीच भरलेला असतो. २००५ मध्ये लहान मुलांच्या रक्ततपासणीवर झालेल्या एका अभ्यासात हातात खेळायला दिलेल्या खेळण्यापेक्षा नुसता सिनेमा दाखवणं जास्त उपयोगी पडलं, कारण भेदरलेली मुलं खेळण्याशी खेळलीच नाहीत. म्हणजे टीव्हीला मी वर नावं ठेवली ती आईपुरती. पोर रडायलाच लागलं असेल तर खुशाल कार्टून लावा.

पायरी तिसरी: बर्फाच्या खड्यावर तालीम

कुठलं काम कुणाला लागू पडेल हे सुईच्या वेळी शोधायचं नसतं. आदल्या दिवशी फ्रिजमधला बर्फाचा एक खडा मुठीत धरायचा. पहिल्यांदा नुसता, आणि किती झोंबतंय त्याला शून्य ते दहात गुण द्यायचे. हात कोरडा करून दहा मिनिटं थांबायचं, मग दुसऱ्या हातात खडा घेऊन भाजीचा खेळ खेळायचा, पुन्हा गुण. एका खेपेला एक मिनिटाच्या वर नाही. ज्यांच्या हाताला मधुमेहामुळे बधिरपणा आहे, थंडीने ज्यांची बोटं पांढरी पडतात किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी हे करू नये. अगदी लहान मुलांवर तर नकोच.

भाच्याला भाजीच्या खेळात सातचे पाच झाले, क्रिकेटच्या संघांच्या नावांत सातचे तीन. प्रश्न मिटला.

पायरी चौथी: दुखायच्या आधी सुरुवात

वेदनेचं कामच मुळी लक्ष हिसकावून घेणं हे आहे. ती जिवाच्या रक्षणासाठी तशी घडली आहे, त्यामुळे एकदा तिने लक्ष ताब्यात घेतलं की ते सोडवून आणणं जिकिरीचं असतं. सिस्टर हातमोजे घालत असतानाच खेळ सुरू झालेला असावा. स्पिरिटचा वास येईपर्यंत चौथी-पाचवी भाजी चालू असली पाहिजे. मी दोन-तीन मिनिटं आधी धरते. फार आधी, अर्धा तास वगैरे, सुरू केलं तर ऐन वेळी काम शिळं होतं.

ज्याला समोर बघायचं आहे त्याला बघू द्या. काही माणसांना सुई कुठे आहे ते दिसलं नाही तर जास्त भीती वाटते. आईला जाळी निघताना बघायचंच असायचं. ती हाताकडे बघत पुरणाचं बोलायची. चाललं.

पायरी पाचवी: तोंडातून काय काढायचं

आपल्याकडे ही बाजू फार कच्ची आहे. "काही दुखणार नाही" ही थाप पहिल्या सुईला खपते, मग पुढच्या सगळ्या सुयांना पोर आपल्यावर विश्वास ठेवत नाही. "मुंगी चावल्यासारखं होईल" यातही मुंगी आणि चावणं दोन्ही येतं. "इंजेक्शन देईन हं डॉक्टरकाकांना सांगून" ही धमकी ज्या घरात जेवताना दिली जाते, त्या घराने लसीच्या दिवशी रडण्याची तक्रार करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या वेळची वेदना कमी करण्याविषयी जे सांगितलं त्यात शब्दांचाही विचार आहे: टोचण्याआधी साधं, तटस्थ बोलावं आणि खोटा दिलासा देऊ नये. मी भाच्याला म्हणते, "आता देताहेत. थोडं दुखेल. आपण संघ मोजत राहायचं."

आणखी एक गोष्ट मला आधी पटली नव्हती. "काही नाही होत बाळा, झालं झालं, घाबरू नको" हा जो आपण जप करतो, त्याने मुलं शांत होण्याऐवजी जास्त बिथरतात असं या विषयावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मुलाला कळतं की आईच्या आवाजात भीती आहे, म्हणजे भिण्यासारखं काहीतरी नक्की आहे. लक्ष वळवणारं बोलणं मात्र उपयोगी पडतं. दोन ते एकोणीस वर्षांच्या मुलांवरच्या ५९ चाचण्यांचा कोक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा) २०१८ चा आढावाही सुईच्या वेदनेसाठी लक्ष वळवण्याच्या बाजूने झुकतो.

आपल्या आज्यांना हे न वाचताच ठाऊक होतं. पोर धडपडलं की, "अरे, उंदीर पळाला! कुठे गेला बघ!" पोर डोळ्यांत पाणी घेऊन कपाटाखाली उंदीर शोधायला लागतं. यात "लागलं नाही" असं कुणी म्हणत नाही. शोधायचं एक काम मात्र ताबडतोब हातात पडतं.

वयाप्रमाणे थोडं वेगळं

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी. या वयात लक्ष वळवण्यापेक्षा छातीशी धरणं आणि अंगावर पाजणं मोठं. सिस्टरांना विचारून लसीच्या आधीपासूनच पाजायला घ्या आणि टोचून झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. मूल टेबलावर उताणं झोपवण्यापेक्षा मांडीत उभं धरलेलं बरं.

दोन ते पाच वर्षं. साबणाचे फुगे. फुंकर मारण्यात श्वास लांबतो, डोळे फुग्यामागे जातात आणि तोंड रडायला मोकळं राहत नाही. कागदाची भिरभिरीही तेच काम करते. पाच वर्षांच्या बूस्टरला तर मी पर्समधून फुग्यांची बाटली नेली होती. रांगेतल्या इतर तीन मुलांनीही तीच वापरली आणि आशाताईंनी ती ठेवूनच घेतली.

शाळकरी मुलं. त्यांच्या आवडीचा विषय आणि तुमच्या चुका.

किशोरवय. मोबाइलवरचा खेळ, त्यांच्याच निवडीचा. आईने निवडलेलं काहीही चालत नाही.

मोठी माणसं. सुई शिरतानाच हलकेच खोकायचं. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ही खोकण्याची युक्ती तपासली होती आणि त्यात दुखणं कमी नोंदवलं गेलं. सिस्टरांना आधी सांगून ठेवा, आणि हात स्थिर. जोरात खोकून सुई हलवू नका.

लांबलेलं ड्रेसिंग

सुई दोन सेकंदांची, ड्रेसिंग पंधरा-वीस मिनिटांचं. एकच काम एवढा वेळ पुरत नाही. दर चार-पाच मिनिटांनी बदला: पुरणपोळी, मग माहेरचं घर, मग औटकी. सगळ्यात जड काम जाळी सुटण्याच्या क्षणासाठी राखून ठेवा. सिस्टरांना विचारा, "आता सगळ्यात दुखणारं कधी?" त्या अचूक सांगतात.

थांबण्याची खूण ठरवा. आईने डावा हात वर केला की सिस्टर थांबणार, असं आमचं ठरलं होतं. अठरा दिवसांत तिने तो दोनदाच वर केला. खूण आहे एवढं माहीत असलं तरी माणूस मोकळेपणाने दुसरीकडे रमतो, कारण राखण करायची गरज राहत नाही.

भाजलेल्यांच्या ड्रेसिंगवर सगळ्यात कल्पक काम अमेरिकेत सिएटलच्या हार्बरव्ह्यू बर्न सेंटरमध्ये झालं. हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचं आभासी जग तयार केलं. डोळ्यांवर यंत्र चढवलं की रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो आणि पेंग्विनना, बर्फाच्या बाहुल्यांना बर्फाचे गोळे मारत सुटतो. भाजलेल्या माणसाला बर्फ! त्याआधी २००० साली त्यांनी दोन भाजलेल्या मुलांवर असंच दुसरं आभासी जग आणि साधा व्हिडिओ गेम यांची तुलना प्रसिद्ध केली होती. आभासी जगात दुखणं कमी होतं. पुढे २००४ मध्ये स्कॅनमध्येही मेंदूच्या वेदनेशी संबंधित पाचही भागांतली हालचाल घटलेली दिसली. यंत्र भारी आहे खरं, पण तत्त्व आपल्या पुरणपोळीचंच. समोरचं जग इतकं भरगच्च हवं की जखमेला बसायला जागा उरू नये.

शेवट जमेल तेवढा हलका करा. कोलोनोस्कोपीच्या रुग्णांवरच्या १९९६ च्या अभ्यासात रेडलमायर आणि काहनेमन यांना दिसलं की तपासणी किती वेळ चालली याच्याशी नंतरच्या आठवणीचा संबंध फारसा नव्हता. आठवण ठरली ती सगळ्यात वाईट क्षणावर आणि शेवटच्या तीन मिनिटांवर. आठवण महत्त्वाची, कारण परवा पुन्हा ड्रेसिंग आहे. पट्टी बांधून झाल्यावर सिस्टर लगेच उठून जाऊ नयेत म्हणून आम्ही त्यांना चहाला थांबवायचो. दोन मिनिटं गप्पा झाल्या की आईच्या मनात ड्रेसिंग संपायचं ते गप्पांवर.

दाताची खुर्ची

तोंड उघडं, बोलता येत नाही, त्यामुळे वरची निम्मी कामं बाद. उरतं ते मनातलं. फ्रेंच गणिती पास्कल १६५८ मध्ये एका रात्री दातदुखीने झोप येईना म्हणून चक्रजा नावाच्या वक्राच्या गणितात बुडाला आणि ठणका थांबल्यासारखा झाला, अशी गोष्ट त्याच्या घरच्यांनी नोंदवली आहे. आपल्याला वक्र झेपणार नाही. मी पायांच्या बोटांनी मनातल्या मनात गाणं वाजवते: उजव्या अंगठ्याने सम, डाव्याने खाली. हेडफोन लावता आले तर उत्तमच, ड्रिलचा आवाज निम्मा त्रास देतो. हात वर करण्याची खूण डॉक्टरांशी आधी ठरवून घ्या आणि बधिर करणारं इंजेक्शन नाकारू नका.

जुनाट दुखण्याचं गणित निराळं

वर्षानुवर्षं कंबर किंवा गुडघा दुखणाऱ्यांना हा लेख वाचून उमेद वाटली असेल तर थोडं सांभाळून. कंबरदुखीच्या रुग्णांवरच्या २००४ च्या बेल्जियममधल्या अभ्यासात वेदना वाढवणारं काम करताना लक्ष वळवल्याने त्या वेळी दुखणं कमी झालं नाही, आणि नंतर उलट जास्त दुखलं.

कारणांचा माझा अंदाज घरातलाच आहे. मावशी पत्त्यांच्या डावात रंगली की अडीच तास एकाच कुशीवर बसते. कंबर मधून मधून सांगत असते, ऊठ, पण डाव ऐकू देत नाही. मग रात्री शेक घेत कण्हते. तेव्हा जुनाट दुखण्यात रमायला हरकत नाही, पण गजर लावून. दर पंचवीस-तीस मिनिटांनी उठायचं, चालायचं, मग पुढचा डाव. आणि मुळातल्या दुखण्यावर व्यायाम, फिजिओ आणि डॉक्टर यांना पर्याय नाही.

काहींना उलटी वाट मानवते: वेदनेपासून पळण्याऐवजी तिच्याकडे शांतपणे बघायचं, कुठे आहे, कशी आहे, बदलते का. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या शिबिरांत विपश्यनेला बसणाऱ्यांना ही वाट ठाऊक आहे. वरच्या बर्फाच्या प्रयोगातही न्याहाळणारे सगळ्यात लवकर सावरले होते. पण ही सवय रुजायला वेळ लागतो, उद्या सकाळच्या रक्ततपासणीसाठी ती कामाची नाही.

फसलं तर

पाचव्या ड्रेसिंगला आमचं सगळं फसलं. पुरण, माहेर, औटकी, काहीच चालेना. आई दुसऱ्याच वाक्याला थांबली आणि तिने डावा हात वर केला. सिस्टर थांबल्या. मी आणखी एक विषय काढायला गेले तर त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि आईला विचारलं, "काकू, गोळी किती वाजता घेतली?"

घेतलीच नव्हती. सकाळी पाहुणे आले होते, त्या गडबडीत राहून गेली होती आणि मीही विचारलं नव्हतं. सिस्टरांनी जखमेवर ओली जाळी झाकली, गोळी द्यायला लावली आणि पुढच्या घरचं काम उरकून पाऊण तासाने परत आल्या. तेवढ्या वेळात आम्ही दोघी काहीही न बोलता बसलो होतो. त्या आल्या, हातमोजे चढवले आणि आईकडे न बघताच म्हणाल्या, "काकू, मोदकाची उकड थंड पाण्यात काढतात ना?"